पणजोबांच्या रिव्हॉल्वरची ओळख : प्रकल्प नोंदी

वारसाने आलेल्या एका जुन्या रिव्हॉल्वरचा निर्माता, काळ आणि बोअर (नळीच्या आतील व्यासाचे, इंचात लिहिले जाणारे माप) ठरवण्याच्या कामाच्या या नोंदी आहेत. वडिलांच्या निधनानंतर शस्त्र परवाना वारस म्हणून माझ्या नावे करण्याचा अर्ज भरताना परवान्यावरील वर्णन आणि प्रत्यक्ष हत्यार यांचा मेळ बसेना, म्हणून हे काम हाती घ्यावे लागले. विदर्भातील आणि मराठवाड्यातील अनेक घरांत अशी एक-दोन जुनी हत्यारे आहेत आणि त्यांच्या परवान्यांवर पिढ्यान्‌पिढ्या तीच वर्णने नकलून पुढे आलेली आहेत. त्या घरांतील वारसांना उपयोग व्हावा, म्हणून कोणत्या पद्धती फसल्या आणि वेळ कुठे वाया गेला हेही लिहून ठेवत आहे.

9 जून 2025

परवानाधारकाचा मृत्यू झाला की घरातील हत्यार घरात ठेवण्याचा अधिकार संपतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 नुसार ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावे लागते. आम्ही ते विक्रेत्याकडे जमा केले आणि पावती घेतली. पावतीवर हत्याराचे वर्णन लिहिताना विक्रेत्यांनी परवाना पुस्तिका समोर ठेवली. तीत "रिव्हॉल्वर, .32 बोअर, इंग्लिश मेक, वेब्ले, क्रमांक 169" असे होते. त्यांनी हत्यार उलटसुलट करून पाहिले आणि वेब्ले या इंग्लिश बंदूक कंपनीचे नाव किंवा 169 हा आकडा बाहेरून कुठेही दिसत नसल्याचे सांगितले. पावतीवर त्यांनी "परवान्यात नमूद केल्याप्रमाणे" असे शब्द घातले, आणि पुढच्या सगळ्या कामाची गरज तिथेच निर्माण झाली.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करते, कारण नात्यातल्या अनेकांनी मला उलटे सांगितले. शंभर वर्षांहून जुन्या हत्याराला परवाना लागत नाही, असा समज सर्वत्र आहे. कलम 45 मध्ये जुन्या घडणीच्या किंवा पुरातन मूल्याच्या हत्यारांना सूट आहे खरी, पण ती सूट दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणारच नाही अशा हत्यारांपुरती आहे. आमच्या रिव्हॉल्वरचा घोडा ओढला जातो, सिलिंडर फिरतो आणि चापही काम करतो. त्यामुळे वय कितीही निघाले तरी परवाना लागणारच, हे गृहीत धरून मी पुढे गेले. शंभर वर्षांचा निकष पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम 1972 मध्ये आहे आणि तो वेगळ्या कारणासाठी आहे. पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशात चांगली किंमत येईल असे सुचवणाऱ्यांना हे उत्तर पुरते.

17 जून

आज प्रथमच हत्यार नीट पाहता आले. पाहणीची सगळी कामे विक्रेत्यांच्या दुकानात, त्यांच्या समोर आणि त्यांच्या हातून झाली. मी मोजमापे लिहून घेतली आणि छायाचित्रे काढली. त्यांनी प्रथम उजव्या बाजूचे भरण्याचे झाकण उघडले, घोडा अर्धा ओढून सिलिंडर एकेक घर, म्हणजे काडतूस बसण्याची एकेक जागा, फिरवला आणि प्रत्येक घर रिकामे असल्याची खात्री करून घेतली. त्यानंतरच ते टेबलावर ठेवले. जुने हत्यार म्हणून ही पायरी कोणीही वगळू नये.

नोंदवलेले वर्णन असे : साचा (हत्याराची मुख्य चौकट) एकसंध आहे, म्हणजे मधून मोडून उघडणारा नाही. नळी आखूड असून सुमारे 65 मिलिमीटर आहे. सिलिंडरला सहा घरे आहेत. चापाभोवती कडे नाही, चाप पुढे दुमडून साच्याला चिकटतो. सिलिंडरच्या आसामध्ये एक सळई लपलेली आहे. ती पुढे ओढून बाजूला वळवली की रिकामी काडतुसे एकेक करून मागे ढकलता येतात. आमची सळई वाळलेल्या तेलामुळे जागीच जखडली होती. मुठीला अक्रोडाच्या लाकडाच्या, जाळीदार कोरलेल्या दोन फळ्या आहेत आणि त्यांच्या स्क्रूची खाच एका बाजूने फाटलेली आहे.

घरातील कथा अशी आहे की खामगावच्या बाजारात कापसाची अडत असलेल्या माझ्या पणजोबांना एका इंग्रज अधिकाऱ्याने ही "वेब्ले" बक्षीस दिली. ही कथा मी लहानपणापासून ऐकली आहे आणि ती मला प्रिय आहे. परंतु ओळख पटवताना कथेचा आधार घ्यायचा नाही, आधी धातूवरचे ठसे वाचायचे आणि कथा शेवटी त्यांच्याशी ताडून पाहायची, असे मी या दिवशी वहीत लिहून ठेवले.

24 जून

ठसे दिसत नाहीत, याचे कारण आमच्या देवघरात आहे. दरवर्षी खंडेनवमीला हे रिव्हॉल्वर तलवारीशेजारी पाटावर ठेवले जाई, त्याला हळदकुंकू वाहिले जाई आणि वर गोडेतेलाचे बोट फिरवले जाई. हे वर्षानुवर्षे चालले. हळद, कुंकू आणि तेल यांचा तांबूस, घट्ट थर प्रत्येक खाचेत बसला आहे. त्याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. मागच्या पिढीतील कोणीतरी गंज काढण्यासाठी साच्याच्या वरच्या पट्टीवर आणि नळीवर एमरी कागद घासला आहे. तिथली अक्षरे उथळ झाली आहेत आणि ती परत येणार नाहीत. वारसाने आलेले हत्यार ओळख पटण्याआधी घासू नये, ही माझी सर्वांना आग्रहाची विनंती आहे. गंज थांबवायला हलके यंत्रतेल पुरते, पण घासून गेलेला ठसा कोणत्याही पैशाने परत मिळत नाही.

पहिल्या छायाचित्रांपैकी एकही उपयोगी पडले नाही. मोबाइलचा फ्लॅश सरळ पडला की चकाकी येते आणि उथळ अक्षरे पूर्ण पुसली जातात. दुकानातील ट्यूबलाइटचा उजेडही वरून सपाट येतो. त्यानंतर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उमटवण्याचा प्रयत्न केला. सपाट पट्टीवर तो थोडाफार जमला, पण सिलिंडरच्या गोलाईवर कागद सरकत राहिला आणि आकृती दुहेरी उमटली.

थर काढण्यासाठी विक्रेत्यांनी हलके तेल लावून हत्यार रात्रभर तसेच ठेवले आणि दुसऱ्या दिवशी बांबूच्या टोकदार काडीने व सुती कापडाने एकेक खाच मोकळी केली. तारेचा ब्रश किंवा सुई वापरली नाही. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु घाई केली असती तर पुढे जे मिळाले ते मिळाले नसते.

2 जुलै

वरच्या पट्टीवरील अक्षरे आज वाचता आली. खोली अंधारी करून छोटी टॉर्च धातूच्या पृष्ठभागालगत, जवळजवळ आडवी धरली आणि कॅमेरा वरून स्थिर ठेवला. टॉर्चची दिशा बदलत काढलेली छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली. एका दिशेने पहिल्या शब्दाचा शेवट स्पष्ट झाला, दुसऱ्या दिशेने पुढच्या शब्दाची सुरुवात. शब्द आहेत "ब्रिटिश बुलडॉग".

दुकानातील सर्वांना वाटले की प्रश्न सुटला. तसे वाटण्यास कारण होते. बर्मिंगहॅमच्या वेब्लेंनी 1872 मध्ये या नावाचे खिशात मावणारे रिव्हॉल्वर बाजारात आणले होते आणि 1878 मध्ये ते नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले होते. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर 1881 मध्ये झाडलेले रिव्हॉल्वरही याच घाटाचे होते, इतका त्याचा प्रसार होता. परवान्यावर वेब्ले, घरच्या कथेत वेब्ले आणि पट्टीवर ब्रिटिश बुलडॉग, असे तीन पुरावे एका दिशेला दिसत होते.

यानंतरचा बराच काळ वेब्लेच्या जुन्या नमुन्यांशी तुलना करण्यात गेला आणि तो वाया गेला. तुलना जितकी बारकाईने केली तितकी ती जुळेना. वेब्लेचे पंख असलेल्या गोळीचे चिन्ह साच्यावर कुठेही नाही. वेब्लेच्या बुलडॉगला चापाभोवती कडे असते, आमच्याकडे दुमडणारा चाप आहे. दुमडणारा चाप ही युरोपच्या मुख्य भूमीवरील खिशातल्या रिव्हॉल्वरांची ठळक खूण आहे. बंदुकीची मजबुती तपासून ठसा मारणाऱ्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा मुकुटाखाली आडवेतिडवे राजदंड असलेला ठसाही नाही. एमरीने तो घासला गेला असावा अशी समजूत काही दिवस घालता आली, परंतु इंग्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या रिव्हॉल्वरच्या प्रत्येक घराची चाचणी होऊन सिलिंडरवरही ठसे पडत, आणि आमच्या सिलिंडरच्या बाहेरील बाजूवर एमरी फिरलेला नव्हता. ठसे दिसत नाहीत म्हणजे ते तिथे नव्हतेच, असे म्हणणे भाग होते.

जो प्रश्न आधी विचारायला हवा तो पट्टीवरच्या नावाचा नसून चाचणीच्या ठशाचा आहे. नाव कोणीही कोरू शकत होते आणि त्या काळात कोरतही होते. सरकारमान्य चाचणीगृहाचा ठसा मात्र मालाच्या खऱ्या गावाशी बांधलेला असतो. हे सूत्र हाताशी असते तर मी पट्टी सोडून थेट सिलिंडरकडे गेले असते.

9 जुलै

जखडलेली सळई आज सुटली. दुकानातील जुन्या कारागिरांनी तेल मुरू दिले, लाकडी ठोकळ्याने हलके टिचके देत सळई आणि नंतर आस बाहेर काढला, आणि सिलिंडर साच्यातून वेगळा झाला. या कामाचे 1,200 रुपये झाले, त्यात मुठीच्या स्क्रूचे पुढे येणारे कामही धरले आहे. घरी पक्कड लावून हे करू नये. आस वाकला तर सिलिंडर परत बसत नाही.

सिलिंडरचे मागचे तोंड साच्याच्या आड लपलेले असल्यामुळे तिथे कुंकू, एमरी यांपैकी काहीही पोहोचले नव्हते. दहापट भिंगातून पाहिल्यावर तिथे एक लहानसा लंबगोल दिसला. त्यात ई, एल, जी ही तीन रोमन अक्षरे असल्यासारखी भासली. कारागिरांना प्रथम तो मुकुट व बी, व्ही असा इंग्लिश ठसा वाटला, कारण धूळ बसलेल्या लंबगोलाची वरची कड मुकुटासारखी दिसत होती. पेन्सिलीची बारीक पूड ठशात भरून वरून पारदर्शक चिकटपट्टी दाबली आणि ती पांढऱ्या कागदावर चिकटवली, तेव्हा अक्षरे निर्विवाद झाली. गोल पृष्ठभागावर कागद घासण्यापेक्षा ही पद्धत फार चांगली आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही.

ई, एल, जी हा बेल्जियममधील लिएज शहराच्या चाचणीगृहाचा ठसा आहे. म्हणजे रिव्हॉल्वर इंग्लिश नाही. लिएज आणि त्याच्या आसपासच्या खोऱ्यांत बंदुकीचे काम घराघरांत चाले. कोणी नळ्या करी, कोणी साचे, कोणी घोडे आणि चाप, आणि व्यापारी ते सगळे जोडून जगभर पाठवी. इंग्लिश नमुन्यांच्या नकला हा त्या व्यापाराचा मोठा भाग होता आणि नकलेवर इंग्रजी नाव कोरण्याची पद्धत सर्रास होती. आमच्या रिव्हॉल्वरवर निर्मात्याचे नाव नाही, हेही या व्यवस्थेला धरूनच आहे.

19 जुलै

काळ ठरवण्याचे काम अपेक्षेपेक्षा सोपे गेले, कारण लिएजच्या ठशांत बदल केव्हा झाले हे ज्ञात आहे. लंबगोलाशेजारी एक रोमन अक्षर आहे आणि त्याच्या डोक्यावर तारा आहे. हे ठसा मारणाऱ्या तपासनिसाचे चिन्ह असते. 1877 पर्यंत या अक्षरावर मुकुट असे, त्यानंतर तारा आला. त्यामुळे आमचे रिव्हॉल्वर 1877 च्या आधीचे नाही. दुसऱ्या बाजूने, लंबगोलाच्या वर मुकुट घालण्याची पद्धत 1893 मध्ये सुरू झाली आणि आमच्या लंबगोलावर मुकुट नाही. आटे, म्हणजे आत पिळाच्या खाचा, असलेल्या नळीवर 1894 पासून येऊ लागलेला मुकुटाखालील आर हा ठसाही नाही.

नळीवरील पुरावा मी मुद्दाम दुय्यम धरला, कारण तिथे एमरी फिरला आहे. सिलिंडरच्या मागच्या तोंडावरील ठसा मात्र कोरा करकरीत आहे, त्यावरचा मुकुट झिजून गेला असे म्हणण्यास जागाच नाही. तेव्हा काळ 1877 ते 1893 या दरम्यानचा निश्चित झाला.

या तारखांचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. त्या काळातील लिएजची चाचणी काळ्या दारूची, म्हणजे जुन्या, कमी दाबाच्या बंदुकीच्या दारूची होती. फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी धूररहित दारू 1884 मध्ये तयार केली आणि नागरी काडतुसांत तिचा वापर रुळायला आणखी काळ गेला. अशा हत्यारात आजचे काडतूस घालून पाहण्याचा विचारही कोणी करू नये. आमच्या घरात ते फक्त पूजेला निघाले, ही चांगलीच गोष्ट झाली.

30 जुलै

आजचा विषय बोअर. परवान्यावर .32 आहे. आपल्याकडे .32 म्हटले की कानपूरच्या आयुध निर्माणीचे रिव्हॉल्वर आणि त्याचे काडतूस डोळ्यांसमोर येते. ते काडतूस .32 स्मिथ अँड वेसन लाँग या जातीचे असते.

डिजिटल व्हर्नियर कॅलिपर 1,150 रुपयांना घेतला. नळीच्या तोंडाशी मोजलेला पहिला आकडा दर वेळी वेगळा आला आणि त्यावर कोणताही निष्कर्ष काढता आला नाही. कारण नंतर समजले. नळीत पाच आटे आहेत. आट्यांची संख्या विषम असली की एका खाचेच्या बरोबर समोर दुसरी खाच येत नाही, उंचवटा येतो. कॅलिपरचे दोन्ही जबडे एकाच वेळी खाचेत बसूच शकत नाहीत, त्यामुळे खरा व्यास अशा रीतीने मिळत नाही. शिवाय नळीचे तोंड झिजलेले आणि किंचित फाकलेले असते. जुन्या हत्यारात बोअर नळीच्या तोंडावरून ठरवण्याची पद्धत म्हणूनच सोडून द्यावी.

सुटा सिलिंडर मोजणे अधिक भरवशाचे ठरले. सहाही घरांचा मागील व्यास 8.3 मिलिमीटरच्या आसपास आला. .32 स्मिथ अँड वेसन लाँगच्या काडतुसाचा बुंधा साडेआठ मिलिमीटरहून थोडा जाड असतो. विक्रेत्यांनी आपल्याकडील एक झाडलेले रिकामे काडतूस घराच्या तोंडाशी टेकवून दाखवले, ते आत शिरले नाही. तारखांनीही हेच सांगितले असते. ते काडतूस 1896 मध्ये बाजारात आले आणि आमचे रिव्हॉल्वर 1893 च्या आधीचे आहे. जे काडतूस तेव्हा जन्मालाच आले नव्हते, त्याच्यासाठी ते घडवलेले असणे शक्य नाही.

जुळते ते .320 रिव्हॉल्वर नावाचे जुने काडतूस. त्याचा बुंधा सुमारे 8.2 मिलिमीटर आणि कडेचा व्यास सुमारे 8.9 मिलिमीटर असतो. खिशातल्या छोट्या बुलडॉगांसाठी ते त्या काळात नेहमीच्या वापरातले होते.

11 ऑगस्ट

काकांनी जुन्या ट्रंकेतून पणजोबांच्या काळातील परवाना पुस्तिका शोधून आणली. ती 1878 च्या जुन्या भारतीय शस्त्र कायद्याखालची आहे. तिच्यातील इंग्रजी नोंद पाहून आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही. बोअरच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत ".320" लिहिलेले आहे. 1962 मध्ये नवा कायदा लागू झाल्यानंतरच्या पुस्तिकेत तेच ".32" झाले आणि पुढे प्रत्येक नूतनीकरणात तसेच उतरत गेले.

अंकगणितात दशांश चिन्हानंतरच्या शेवटच्या शून्याला किंमत नसते, त्यामुळे नोंद करणाऱ्याला ते गाळण्यात काही गैर वाटले नसणार. काडतुसांच्या नावांत मात्र त्या शून्याने दोन वेगळी काडतुसे वेगळी ओळखली जातात. काका म्हणाले, "बाबांनी एकदा काडतुसं आणली होती, ती बसलीच नाहीत. तेव्हापासून ते म्हणायचे, हत्यार बिघडलंय." हत्यार बिघडलेले नव्हते. त्याच्या नावातले शून्य हरवले होते.

जुन्या पुस्तिकेत निर्मात्याच्या रकान्यात "वेब्ले" हा शब्द नाही, "बुलडॉग" एवढेच आहे. वेब्ले आणि इंग्लिश मेक हे शब्दही नंतर कोणीतरी पट्टीवरचे नाव वाचून घातलेले दिसतात. ज्यांच्याकडे जुनी हत्यारे आहेत त्यांनी सर्वांत जुनी पुस्तिका आधी शोधावी. मी ती सुरुवातीला मागितली असती तर बोअरचे काम एका दिवसात झाले असते.

25 ऑगस्ट

क्रमांकाचा प्रश्न शेवटी ठेवला होता, कारण कायद्याच्या दृष्टीने तोच सर्वांत नाजूक आहे. हत्याराची ओळख क्रमांकाने होते. 1914 मध्ये कोलकात्यात क्रांतिकारकांनी रोडा कंपनीच्या मालातून 50 माउझर पिस्तुले पळवली, तेव्हा प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक कंपनीच्या दप्तरी होता. पुढची काही वर्षे बंगालमध्ये कुठेही माउझर सापडले की पोलीस आधी तो क्रमांक पडताळत. आजही परवान्यावरील क्रमांक आणि हत्यारावरील क्रमांक वेगळा निघाला तर पहिला संशय हत्यार बदलल्याचा येतो, आणि तो येणे रास्त आहे.

परवान्यावर 169 आहे. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर तीन आकडे आहेत आणि ते एका बाजूने 169 तर दुसऱ्या बाजूने 691 असे वाचता येतात. गोल चकतीला वर-खाली नसते. सहा आणि नऊ एकाच ठशाने मारलेले आहेत आणि एकाचा आकडा म्हणजे नुसती उभी रेघ आहे, त्यामुळे आकड्यांवरून दिशा ठरवता येत नाही.

उत्तर मुठीच्या आत होते. स्क्रूची खाच फाटलेली असल्याने कारागिरांनी एका जुन्या स्क्रू-ड्रायव्हरचे पाते त्या खाचेच्या बरोबर मापाचे घासून घेतले आणि मगच स्क्रू फिरवला. लाकडी फळी निघाल्यावर साच्याच्या उघड्या पोलादावर 691 आणि त्याखाली एक रोमन अक्षर दिसले. अक्षर ज्या दिशेने सरळ वाचता येते त्याच दिशेने आकडा 691 आहे. दुसऱ्या फळीच्या लाकडाच्या आतल्या बाजूवरही 691 ठोकलेले आहे. लिएजच्या मालात असे छोटे आकडे बहुधा जोडणीचे असतात, एकाच हत्याराचे भाग एकत्र राहावेत यासाठी ते प्रत्येक भागावर मारत. साचा, सिलिंडर आणि मूठ तिन्ही एकाच आकड्याची असल्यामुळे हत्यार मूळ स्थितीत आहे आणि कोणताही भाग बदललेला नाही, हेही सिद्ध झाले. रोमन अक्षर एखाद्या भाग बनवणाऱ्या कारागिराचे असावे असा कारागिरांचा कयास आहे. त्यावरून निर्माता ठरवण्याचा मोह मी टाळला, कारण एकट्या अक्षराचा आधार त्यासाठी पुरेसा नाही.

ही संपूर्ण तपासणी पोलीस ठाण्यातील अंमलदारांच्या उपस्थितीत पुन्हा करून दाखवली. त्यांनी पंचनाम्यात सिलिंडरवरील आकडा दोन्ही बाजूंनी कसा वाचता येतो याचे रेखाचित्र घालून घेतले. नुसत्या शब्दांत ही गोष्ट समजावता आली नसती.

15 सप्टेंबर

जिल्हा कार्यालयाच्या गृह शाखेत आज दुरुस्त वर्णनासह अर्ज दाखल झाला. सोबत जुन्या आणि नव्या परवाना पुस्तिकांच्या प्रती, जमा पावती, विक्रेत्यांचे तपासणी प्रमाणपत्र, पंचनामा, चिकटपट्टीवर घेतलेले ठसे, तिरप्या उजेडातील छायाचित्रे, आणि आई, काका व भाऊ यांची ना-हरकत शपथपत्रे जोडली. वारसाहक्काने परवाना देण्याची तरतूद शस्त्र नियम 2016 मध्ये आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक हत्यारे बाळगता येत नाहीत आणि वारसाने आलेले हत्यारही त्याच संख्येत मोजले जाते. स्वतःच्या नावे आधीच दोन हत्यारे असलेल्या वारसांनी हे आधी तपासावे. बोअरची वर्गवारी ठरवणे हे कार्यालयाचे काम आहे. मी त्यांना मोजमापे दिली, मत दिले नाही. वर्गवारी महत्त्वाची आहे, कारण प्रतिबंधित बोअरचा अर्ज जिल्ह्यात निकाली निघत नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो.

खर्चाचा हिशेब असा : कॅलिपर 1,150 रुपये, भिंग 350, कारागिरांचे काम 1,200, विक्रेत्यांकडे हत्यार ठेवण्याचे दरमहा 400, शपथपत्रे आणि नोटरी यांचा खर्च वेगळा. कॅलिपर आणि भिंग दुसऱ्याकडून मागून आणले तरी चालेल. वेळेचा सर्वांत मोठा अपव्यय वेब्लेच्या तुलनेत झाला.

घरच्या कथेविषयी काकांनी विचारले. पणजोबांचा जन्म 1904 चा, म्हणजे त्यांच्या हाती येण्याआधी हे रिव्हॉल्वर दुसऱ्या कोणाच्या तरी खिशात होते. इंग्रज अधिकाऱ्याकडे बेल्जियन बुलडॉग असणे मुळीच अशक्य नाही, त्या काळी ते स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे हत्यार होते. त्यामुळे बक्षिसाची कथा ठशांनी खोटी ठरवलेली नाही. तिच्यातला "वेब्ले" हा शब्द तेवढा गळला. काकांना वाईट वाटेल असे मला वाटले होते, परंतु त्यांनी लिएज कुठे आहे ते नकाशात पाहिले आणि नातवंडांनाही बोलावून दाखवले.

अर्जातील वर्णन जसे दिले आहे तसे खाली उतरवते. अशाच हत्याराचे वर्णन लिहिणाऱ्यांना नमुना म्हणून उपयोगी पडेल.

"रिव्हॉल्वर, सहा घरांचे, एकसंध साच्याचे, दुमडणाऱ्या चापाचे. घडण बेल्जियम, लिएज चाचणीगृहाचा मुकुटविरहित लंबगोल ठसा व ताऱ्याखालील तपासनीस अक्षर, काळ 1877 ते 1893. निर्मात्याचे नाव नाही. वरच्या पट्टीवर 'ब्रिटिश बुलडॉग' ही अक्षरे, अंशतः झिजलेली. बोअर .320, पूर्वीच्या परवान्यात .32 अशी नोंद. क्रमांक 691, साचा, सिलिंडर व मूठ यांवर समान, पूर्वीच्या परवान्यात 169 अशी नोंद. काळ्या दारूच्या चाचणीचे, वापरासाठी नाही."

शेवटचे दोन शब्द विक्रेत्यांच्या सल्ल्याने घातले. मुठीच्या फळ्या परत बसवल्या आहेत, धातूवर हलक्या तेलाचा हात फिरवला आहे, आणि परवान्याचा निर्णय होईपर्यंत हत्यार त्यांच्याच तिजोरीत राहील.